सूत उभं राहिलं, पण कशाच्या जोरावर? लाँच लूपच्या घरगुती प्रतिकृतीचं एक प्रकरण

प्रदर्शनाला तीन आठवडे उरले होते. टेबलावर तीन मीटर सुताचं कडं हवेत वर तोंड करून ताठ उभं होतं. खाली दोन चाकं गरगरत होती, त्यांच्या फटीतून सूत बाहेर पडत होतं, वरून वळून पुन्हा मागच्या बाजूनं फटीत शिरत होतं. कुठं काठी नाही, तार नाही, टांगलेलं काही नाही. भाचीनं तक्त्यावर मोठ्या अक्षरांत शीर्षक लिहूनही टाकलं होतं: ‘रॉकेटविना अंतराळात: लाँच लूपची चालती प्रतिकृती’. पुढं ते शीर्षक खोडावं लागलं. का खोडावं लागलं, तेच हे प्रकरण.

मी इचलकरंजीत यंत्रमागांवर जॉबर, म्हणजे माग जुळवणारा-दुरुस्त करणारा, म्हणून बरीच वर्षं काढली. आता घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये एक जुनं लेथ आणि एक ड्रिल मशीन आहे. मागाचे बारीकसारीक भाग दुरुस्त करतो. भाची अकरावी सायन्सला. तिला शाळेतल्या विज्ञान प्रदर्शनासाठी असं काही करायचं होतं, जे रॉकेटशिवाय वर जाण्याबद्दल असेल. रॉकेटची प्रतिकृती म्हणजे थर्माकोल आणि चंदेरी कागद, असं तिचं मत. मला ते पटलं.

पर्याय बरेच होते. अंतराळ-उद्वाहनाची, म्हणजे जमिनीपासून थेट अंतराळापर्यंतच्या लिफ्टची, कल्पना रशियन शास्त्रज्ञ त्सिओल्कोव्स्कीनं १८९५ मध्ये आयफेल टॉवर बघून मांडली आणि रशियन इंजिनिअर युरी आर्त्सुतानोव्हनं १९६० मध्ये तिला आजचं रूप दिलं. पण त्याची प्रतिकृती म्हणजे शेवटी दोरीवर चढणारी मोटर. दोरी छताला बांधलेली असते आणि खरा सगळा प्रश्न त्या ‘छताला’ या शब्दातच लपलेला असतो. दुसरा पर्याय विद्युतचुंबकी तोफेचा. जेरार्ड ओनील आणि हेन्री कोल्म यांनी १९७६-७७ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत विद्यार्थ्यांना हाताशी धरून बहुतेक भंगारातल्या वस्तूंतून ‘मास ड्रायव्हर १’ उभा केला होता, म्हणजे हौशी माणसाच्या आवाक्यातली ती गोष्ट आहे. पण तिला भरपूर व्होल्टेजवर भरलेले कपॅसिटर लागतात. ते भाचीच्या हातात द्यायची माझी तयारी नव्हती. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोत स्पिनलाँच कंपनीनं २०२१ मध्ये ३३ मीटर व्यासाच्या निर्वात डब्यात गरगर फिरवून वस्तू आकाशात भिरकावली, तसली गोफण घरात करायची तर शेजाऱ्यांच्या काचा मोजून ठेवाव्या लागल्या असत्या.

उरला लाँच लूप. आणि तिथं सूत होतं. सूत म्हटलं की आमच्या गावाला काही शिकवावं लागत नाही.

लाँच लूप ही अमेरिकेतले इलेक्ट्रॉनिक्स इंजिनिअर कीथ लॉफस्ट्रॉम यांची कल्पना, १९८० च्या दशकाच्या सुरुवातीची. कागदावर ती अशी आहे. जमिनीपासून ८० किलोमीटर उंचीवर, सुमारे २००० किलोमीटर लांबीची एक वाट. त्या वाटेत एका स्थिर आवरणाच्या आत पाच सेंटिमीटर व्यासाची लोखंडी नळी सेकंदाला १४ किलोमीटर वेगानं अखंड धावते. एका टोकाला खाली येते, वळते, परत जाते. आवरण तिला कुठंच टेकत नाही, मध्ये चुंबकीय अंतर असतं आणि आतली हवा काढून टाकलेली असते. यान त्या वाटेवर चढतं, धावत्या लोखंडाकडून वेग उसना घेतं आणि टोकाला सुटून जातं.

एवढं सगळं वर राहतं कसं? कक्षेतली वस्तू सेकंदाला साधारण पावणेआठ किलोमीटर वेगानं जाते, तेव्हा तिचं पडणं आणि पृथ्वीची गोलाई यांचा मेळ बसतो. १४ किलोमीटर वेगाच्या लोखंडाला त्या गोलाईत राहायचंच नसतं, ते सरळ बाहेर पळायला बघतं. १४ किलोमीटरचा वर्ग भागिले पृथ्वीच्या मध्यापासूनचं अंतर ६४५० किलोमीटर, उत्तर येतं सेकंदवर्गाला ३०.४ मीटर. त्यातून तिथलं गुरुत्व ९.६ वजा करा, जवळजवळ २१ शिल्लक. म्हणजे धावणारं एक किलो लोखंड स्वतःचं वजन सांभाळून वर दोन किलोहून थोडा जास्त स्थिर भार पेलतं. आवरणाचं वजन त्या लोखंडाला दाबून गोलाईत ठेवतं आणि लोखंड आवरणाला वर धरतं. हा हिशेब भाचीनं वहीत केला आणि मला दाखवला. मला तो फार आवडला. त्या आवडीनंच पुढं डोळ्यांवर पट्टी बांधली.

यंत्र

नायलॉनच्या दोन चकत्या लेथवर काढल्या, व्यास ५० मिलिमीटर. परिघावर सायकलच्या ट्यूबची पट्टी चिकटवली. एक चाक ७७५ नंबरच्या बारा व्होल्ट मोटरवर, दुसरं नुसतं बेअरिंगवर. आधी दोन्ही चाकांना मोटर लावल्या होत्या, पण दोन मोटरचा वेग कधीच सारखा राहत नाही. जलद चाक सूत घासतं आणि दहा मिनिटांत टेबलावर पिंजलेल्या कापसाचा थर जमतो. बेअरिंगवालं चाक बिजागरीच्या हातावर बसवून रबरबँडनं दुसऱ्या चाकाला दाबलं.

सूत दहा काउंटचं, सहा पदर एकत्र. दहा काउंट म्हणजे मीटरला ५९ मिलिग्रॅम, सहा पदरांचे साडेतीनशे मिलिग्रॅम. तीन मीटरचं कडं जेमतेम एक ग्रॅमाचं.

पहिल्या दिवशी सूत बाहेर पडायच्या ऐवजी चाकालाच गुंडाळलं गेलं. पाच वेळा. ट्यूबवर सोल्युशनचा चिकटपणा राहिला होता. पुसून त्यावर पावडर लावली तेव्हा थांबलं. मग गाठीचा प्रश्न आला. विणकरांची गाठ बारीक असते, कापडात दिसतही नाही. पण इथं ती सेकंदाला चार वेळा चाकांच्या फटीतून जायची आणि दर खेपेला चाक उडायचं, टक्-टक्-टक्. कडं थरथरायचं आणि मिनिटाभरात गाठीशेजारीच तुटायचं. फेविक्विकनं टोकाला टोक जोडून बघितलं. जोड काडीसारखा कडक झाला आणि वळणावर मोडला.

तोड काढली आमच्या आईनं, म्हणजे भाचीच्या आजीनं. ती वाती वळत बसली होती. म्हणाली, “गाठ कशाला मारताय? कापसाला कापूस जोडत्यात.” तिनं दोन्ही टोकांचा बोटभर पीळ उलगडला, पदर पुढंमागं तोडून लांडे-मोठे केले, एकमेकांत बसवले, थुंकी लावून मांडीवर वळले. बारा सेंटिमीटरचा जोड, जाडी जवळजवळ सुताएवढीच. मी आयुष्यभर सुतात वावरलेला माणूस, आणि मला हे सुचू नये!

त्या जोडानं कडं उभं राहिलं. चाकांचं तोंड थोडं वर करून मोटर सुरू केली. आधी सूत खाली लोंबत फिरत राहिलं. व्होल्टेज वाढवत नेलं तसं ते पोट सावरत उठलं आणि लांबट पानाच्या आकारात स्थिर झालं, टोक चाकांपासून सव्वा मीटरवर. वेग मोजायला सुतावर शाईची खूण केली आणि मोबाईलवर सेकंदाला २४० फ्रेमचा व्हिडिओ काढला. खूण परत त्याच जागी यायला ६० फ्रेम लागले. पाव सेकंदात तीन मीटर, म्हणजे सेकंदाला १२ मीटर.

सगळ्यात गंमत आली ती शीतपेयाच्या नळीनं. भाचीनं नळीच्या टोकानं धावत्या सुताला हळूच ढोसलं. सुताला बाक आला आणि तो बाक तिथंच राहिला. सूत बारा मीटर वेगानं धावतंय आणि त्यातला बाक हवेत गोठल्यासारखा उभा. तिनं आणखी दोन-तीन ढोसे दिले. ‘ढ’ अक्षराच्या जवळपास जाणारं काहीतरी हवेत तयार झालं आणि हळूहळू सरकत विरलं. कारण सोपं आहे. धावत्या कड्यातला ताण हा सुताचं मीटरमागचं वजन गुणिले वेगाचा वर्ग याच्या आसपास असतो आणि तेवढ्या ताणाच्या सुतात लाट नेमकी सुताच्याच वेगानं पळते. लाट सुतावरून मागं पळते, सूत पुढं पळतं, आपल्याला ती जागच्या जागी दिसते. लॉफस्ट्रॉमच्या आराखड्यात वाटेच्या सगळ्या लांबीभर नियंत्रित चुंबक लागतात ते असलेच बाक आवरायला. हे कळल्यावर तर आमची खात्रीच पटली की आपल्या टेबलावर छोटा लाँच लूपच उभा आहे.

फ्रूड साहेबांचा भरवसा

माझ्याकडं आणखी एक पुरावा होता, आणि तो मी मोठ्या ऐटीत तक्त्यावर लिहायला लावला. जहाजांच्या प्रतिकृतींची चाचणी घेताना इंग्रज इंजिनिअर विल्यम फ्रूडनं १८७० च्या दशकात इंग्लंडमधल्या टॉर्की गावच्या हौदात एक रीत घालून दिली. प्रतिकृती लहान असली तरी वेगाचा वर्ग आणि गुरुत्व गुणिले लांबी यांचं गुणोत्तर मूळ वस्तूशी जुळलं पाहिजे. लाँच लूपसाठी लांबीच्या जागी पृथ्वीची त्रिज्या घेतली तर हे गुणोत्तर तीनच्या वर जातं. आमच्या सव्वा मीटरच्या कड्याचं यायचं जवळजवळ १२. दोन्ही एकाहून बरेच मोठे, म्हणजे दोन्हीकडं गुरुत्वावर वेगाची मात. वेग कमी केला तर आकडा जुळवताही आला असता. मी म्हणालो, झालं काम.

इथं चूक झाली. गुणोत्तर एकच नसतं. फ्रूडलाही हे माहीत होतं. पाण्याचं घर्षण तो वेगळं मोजायचा, कारण ते या नियमानं लहान-मोठं होत नाही. मी त्याचा अर्धाच धडा घेतला. हवेचं घर्षण कुठल्या खात्यात टाकायचं हा प्रश्न मी विचारलाच नाही. खऱ्या लूपमध्ये लोखंड निर्वात आवरणात धावतं. आमचं सूत शेडमधल्या हवेत.

शंका काढली भाचीनंच, आणि तीही सहज. कडं जास्त चांगलं दिसावं म्हणून तिला चमकणारी साखळी हवी होती. जुन्या, साखळी ओढून लावायच्या दिव्याला असते तसली बारीक मण्यांची साखळी, मीटरला दहा-बारा ग्रॅम. मी म्हणालो, चालेल की. जडत्वानं उभं राहणाऱ्या गोष्टीत वजन दोन्ही बाजूंनी कटतं. वजन दुप्पट केलं की गुरुत्वही दुप्पट आणि धावण्याचा जोरही दुप्पट, आकार तोच.

साखळी उभी राहिली नाही.

मोटरवर जास्त भार आल्यामुळं वेग आठ मीटरवर आला, हे खरं. पण साखळी उठायचं नावच घेईना. चाकांतून निघून थोडं पुढं जाऊन सरळ खाली लोंबायची आणि खालून परत यायची. दुसऱ्या खेपेला तुटली आणि पत्र्यावर अशी आपटली की आई आतून धावत आली. तेव्हापासून गॉगल सक्तीचे. मी म्हणालो वेग कमी पडला. भाचीनं गुपचूप सूत परत चढवलं, व्होल्टेज कमी करून त्याचाही वेग आठ मीटरवर आणला. सूत जरा खाली झुकलं, पण उभं राहिलं.

“मामा, वेग सारखाच आहे. मग साखळीला काय झालं?”

माझ्याकडं उत्तर नव्हतं.

हवा कशी काय उचलेल?

“हवा” हा शब्द तिनंच काढला आणि मी तो हसण्यावारी नेला. सूत स्वतःच्याच दिशेनं सरळ धावतंय, पंख्याच्या पात्यासारखं हवा कापत नाही. हवा त्याला फक्त मागं ओढणार. वर जाणाऱ्या भागाला ती खाली ओढेल, खाली येणाऱ्या भागाला वर. कडं बंद आहे. जेवढं सूत वर जातं तेवढंच खाली येतं. सगळ्या ओढीची बेरीज शून्य. शून्यानं काय उचलणार?

दोन दिवसांनी ती वही घेऊन आली. म्हणाली, “बेरीज शून्य आहे, मामा. पण नळाची चावी फिरवताना पण दोन बोटांच्या जोराची बेरीज शून्यच असते की. चावी फिरतेच ना?”

यावर मी गप्प बसलो, कारण ती बरोबर होती. ओढीची बेरीज शून्य, पण टॉर्क, म्हणजे फिरवणारा जोर, शून्य नाही. चाकांच्या तोंडाशी उभं राहून विचार करा. सूत वरच्या अंगानं पुढं जातं, टोकाला वळतं, खालच्या अंगानं परत येतं. हवा वरच्या अंगाला मागं ओढते आणि खालच्या अंगाला पुढं. दोन बोटांसारखी ही जोडी कड्याचं टोक वर फिरवायला बघते. गुरुत्व तेच टोक खाली फिरवायला बघतं. दोघांची बरोबरी होते त्या जागी कडं स्थिरावतं.

आणि हवा काढून घेतली तर? सूत चाकांच्या फटीतून, म्हणजे एकाच टिंबातून आत येतं आणि बाहेर जातं. त्या टिंबातून जाणाऱ्या कुठल्याही जोराला त्या टिंबाभोवती टॉर्क नसतो, मग वेग बारा मीटर असो की बाराशे. म्हणजे गुरुत्वाच्या टॉर्कला उत्तर द्यायला कुणी उरतच नाही. पूर्ण लवचीक कडं मग एक तर सरळ खाली लोंबेल किंवा नेमकं डोक्यावर उभं राहील. पानासारखं तिरपं, पुढं झेपावलेलं राहूच शकत नाही. आमचं तर तसंच राहत होतं. पुरावा आठवडाभर डोळ्यांसमोर फिरत होता.

हा शोध आमचा नाही हे सांगून टाकतो. फ्रान्समधल्या काही भौतिकशास्त्रज्ञांनी २०१९ मध्ये याच खेळण्याचा नीट अभ्यास करून दाखवलं की हलक्या दोऱ्याचं कडं जडत्वामुळं तरंगत नाही, हवेच्या ओढीमुळं तरंगतं. ते आमच्या वाचनात आलं ते साखळी तुटल्यानंतर. आधी आलं असतं तर वेळ वाचला असता, पण मग पुढची मोजमापं केली असती का, सांगता येत नाही.

हिशेब भाचीनं असा मांडला. भिंतीवर दहा सेंटिमीटरचे चौकोन आखलेला कागद लावला, समोरून फोटो काढला आणि कड्याच्या आतले चौकोन मोजले. अठ्ठावीस, म्हणजे ०.२८ चौरस मीटर. कड्याचा वजनमध्य चाकांपासून आडव्या अंतरात ६२ सेंटिमीटर. ओढ सगळीकडं सारखी धरली तर तिचा टॉर्क म्हणजे मीटरमागची ओढ गुणिले क्षेत्रफळाच्या दुप्पट. हे सूत्र तिला पाठ्यपुस्तकात मिळालं नाही, कागदावर त्रिकोण पाडून तिनं स्वतः काढलं. गुरुत्वाचा टॉर्क १.०६ ग्रॅम गुणिले ०.६२ मीटर. भागाकार केला की ओढ येते मीटरला जवळजवळ १.२ ग्रॅम वजनाएवढी. सूत स्वतः मीटरला तिसरा हिस्सा ग्रॅम. म्हणजे हवेची ओढ सुताच्या वजनाच्या तिपटीहून जास्त! आम्ही जिला नगण्य समजत होतो ती या खेळातली सगळ्यात मोठी खेळाडू निघाली.

पडताळा मल्टिमीटरनं घेतला. एवढ्या ओढीशी झगडायला मोटरला ०.४ वॅट जास्त लागायला हवेत, बारा व्होल्टला सुमारे ३५ मिलीअँपिअर. सूत काढून आणि सूत घालून फरक मोजला, तो ६० च्या आसपास आला. उरलेलं फटीत सूत चेपण्यात जात असणार. पटण्यासारखा आकडा.

शेवटची चाचणी मात्र माझी, आणि तिचा मला अजून अभिमान आहे. ओढ जर सुताच्या पृष्ठभागावरून येत असेल, तर ती सुताच्या केसांवरून येत असणार. कुठलंही साधं सूत उजेडात धरलं की त्याच्या अंगावर बारीक तंतू उभे दिसतात. हे केस बसवण्यासाठीच तर गावात सायझिंगचे कारखाने आहेत. ताण्याच्या सुताला खळ लावतात, केस आडवे पडतात, सूत गुळगुळीत आणि कणखर होतं, मागावर तुटत नाही. मी ओळखीच्या ठिकाणाहून त्याच दहा काउंटचं खळ लावलेलं सूत आणलं. तेच सहा पदर, तीच लांबी, तोच बारा मीटर वेग. खळीमुळं वजन दहा टक्के वाढलेलं.

टोक दोन वितींनी खाली आलं. दहा टक्के वजनानं एवढी पडझड होत नाही. नुसतं सूत आणि त्यावर दहा टक्के ओलावा, असं करूनही बघितलं. ओल्या सुताचेही केस थोडे बसतात, त्यामुळं ती तुलना अगदी चोख नाही हे कबूल. तरी दोन्ही फोटो शेजारी ठेवले की फरक कुणालाही दिसतो.

निर्वात बरणीत कडं फिरवून बघायचा मोह झाला होता. फ्रीजचा जुना कॉम्प्रेसर उलटा लावून हवा काढता येते. सोडून दिलं. बरणीत मावेल असं कडं वीतभराचं, एवढ्या लहान कड्यात सुताचा स्वतःचा ताठपणाच त्याला धरून ठेवतो, आणि काच आत फुटली तर कुणाच्या डोळ्यांत जाईल सांगता येत नाही.

उलटी वाटी

आता प्रदर्शनाला नऊ दिवस. भाचीचा हट्ट असा, की ‘हे लाँच लूप नाही’ एवढंच सांगून भागणार नाही. जडत्वावर उभं राहणारं काहीतरी दाखवायला पाहिजे. लाँच लूपचा एक भाऊ आहे, अंतराळ-कारंजं. रॉडरिक हाइड, रॉबर्ट फॉरवर्ड वगैरे मंडळींनी १९८० च्या दशकात त्यावर काम केलं. जमिनीवरून गोळ्यांची धार सरळ वर मारायची, वरच्या ठाण्यात चुंबकांनी ती उलटी वळवून खाली पाठवायची. गोळ्या वळवताना ठाण्याला वर धक्का बसतो, त्या धक्क्यांवर ठाणं तरंगत राहतं.

गोळ्यांच्या जागी पाणी घेतलं. कूलरचा पंप बादलीत ठेवला, वर सहा मिलिमीटर भोकाची पितळी तोटी. एक लिटर भरायला नऊ सेकंद, त्यावरून धारेचा वेग सेकंदाला जवळजवळ चार मीटर आणि उंची पाऊण मीटर. मोजली, तेवढी भरली. धारेभोवती सायकलचे तीन आरे उभे केले, वस्तू घसरून बाजूला जाऊ नये म्हणून.

ठाणं म्हणून एक सपाट झाकण ठेवलं, त्यावर वायसर ठेवून एकूण ६२ ग्रॅम केले. उचललं नाही. उचलणारच नव्हतं, धार सपाट पत्र्यावर आपटून आडवी पसरते तेव्हा जास्तीत जास्त ४४ ग्रॅम पेलते. मग स्वयंपाकघरातली ६२ ग्रॅमची स्टीलची वाटी धारेवर उपडी ठेवली. वाटी उठली. पाणी तळाला लागून बाजूंनी वळून खाली परतत होतं, म्हणजे धारेचा वेग नुसता थांबत नव्हता, उलटा होत होता, आणि धक्का जवळजवळ दुप्पट. पूर्ण दुप्पट धरून हिशेबानं वाटी ४० सेंटिमीटरवर तरंगायला हवी होती. तरंगली २५ वर. पाणी पूर्ण उलटं वळत नाही, थोडं तिरपं निसटतं. ते भाचीनं तक्त्यावर तसंच लिहिलं.

तेच वजन, तीच धार. झाकण खाली, वाटी वर. लॉफस्ट्रॉम काय आणि हाइड काय, त्यांच्या कल्पनेचा गाभा हाच: धावणाऱ्या वस्तूची दिशा बदला आणि त्या बदलण्याच्या बदल्यात आधार घ्या. सुताच्या कड्यापेक्षा ती वाटी दिसायला अगदीच साधी होती. पण ती जे सांगत होती ते खरं होतं.

प्रदर्शन

तक्त्यावरचं जुनं शीर्षक खोडून नवं लिहिलं: ‘हे लाँच लूपसारखं दिसतं, पण तसं नाही’. डाव्या बाजूला सुताचं कडं, मध्ये खळीच्या आणि बिनखळीच्या सुताचे फोटो आणि तुटलेली साखळी, उजवीकडं बादली आणि वाटी. गर्दी अर्थातच डावीकडं. पोरं नळीनं ढोसे देऊन हवेत अक्षरं काढत होती. दुपारी कडं तुटलं तेव्हा भाचीनं आजीसारखं थुंकी लावून मांडीवर वळून पाच मिनिटांत जोडलं आणि बघणाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या.

परीक्षकांपैकी एकांनी कडं बराच वेळ बघितलं. म्हणाले, “चालतंय की छान! मग चालत नाही असं का लिहिलंयस?”

ती म्हणाली, “सर, चालतंय. पण ज्यामुळं चालतंय ते वर ८० किलोमीटरवर नाही.”

त्यांनी मान हलवली, वहीत काहीतरी लिहिलं, पुढच्या टेबलाकडं गेले. वाटीकडं त्यांनी बघितलं नाही. दुसऱ्या परीक्षक बाई मात्र बादलीपाशी दहा मिनिटं थांबल्या आणि वाटीचं वजन स्वतः काट्यावर करून बघितलं.

तालुक्याच्या पातळीवर निवड झाली. प्रमाणपत्र आलं, त्यावर प्रकल्पाचं नाव टाईप करून आलं होतं: ‘लाँच लूपची चालती प्रतिकृती’. शाळेत नाव नोंदवताना दिलेलं होतं तेच त्यांनी छापलं. भाचीनं लाल पेनानं ‘ची’ खोडून वर ‘सारखी दिसणारी’ असं लिहिलं, आणि प्रमाणपत्र शेडमध्ये, चाकांच्या वरच्या खिळ्याला लावून ठेवलं.